डबा घेऊन आलेली माणसं

गेल्या आठवड्यात काकांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मालवणजवळच्या आमच्या देवबागच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत एक कुटुंब चटई टाकून बसलंय. मधे स्टीलचा डबा, चपात्यांची चवड, कागदावर शेंगदाण्याची चटणी. खाली काकांनी लिहिलं होतं, "हे असले टुरिस्ट काय कामाचे? खर्च करणारे येऊदेत." त्यावर चौदा अंगठे. मामेभावाने लगेच गोवा आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कळंगुटचे आमदार मायकल लोबो म्हणाले होते की शॅकमध्ये इडली-सांबार आणि वडापाव विकला जातो म्हणून परदेशी पाहुणे कमी झाले. तेव्हापासून आमच्याकडे कोणताही वाद शेवटी वडापावावर येतो. कोणीतरी "युरोपात बघा, तिकडे असं चालतं का" असंही लिहिलं.

चालतं. मे महिन्यात मी स्वतः ते केलंय.

मी शिकते त्या जर्मनीतल्या कोलोनहून आम्ही चौघी बार्सिलोनाला गेलो होतो. पहाटे सहाचं विमान, पाठीवर एकेक सॅक. जाऊन-येऊन ६२ युरो. हॉस्टेलमध्ये आठजणांच्या खोलीत तीन रात्री ९३ युरो, वर पर्यटक कर. २०२५ मध्ये बार्सिलोना महापालिका रात्रीमागे ४ युरो घ्यायची, कातालोनिया प्रांताच्या सरकारचा कर वेगळा. विमानतळावरून मेट्रो घ्यायची नाही, रोदालियेसची, म्हणजे तिथली लोकल गाडी पकडायची, कारण दहा फेऱ्यांचं तिकीट त्या मेट्रोला चालत नाही, या गाडीला चालतं. साग्रादा फामिलिया हे तिथलं प्रसिद्ध चर्च बाहेरून पाहिलं. १८८२ पासून बांधकाम चालू आहे, समोरच्या बागेतल्या बाकावर बसून क्रेन बघत आम्ही थेपले खाल्ले. थेपले माझ्या वेगेतल्या, म्हणजे आम्ही मिळून भाड्याने राहतो त्या घरातल्या, सुरतच्या मुलीने आदल्या रात्री लाटले होते, साठ. तीन दिवस पुरले. बाकी पाव, टोमॅटो आणि सार्डिनचे डबे सुपरमार्केटमधून. आमच्या पेडव्यांची चुलत भावंडंच ती, फक्त तिरफळाशिवाय.

म्हणजे काकांच्या हिशेबाने आम्ही चौघी बिनकामाच्या. पण त्या शहराने आमच्याकडून कर घेतला, आमचा कचरा कोणत्या डब्यात जातो ते ठरवून दिलं आणि आम्ही किनाऱ्यावर काय खातो ते विचारलं नाही. तिथे भांडण जोरात आहे, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाचे लोक रस्त्यावर उतरले, उपाहारगृहांच्या बाहेर बसलेल्या पर्यटकांवर त्यांनी पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. त्याच्या काही दिवस आधी महापौर जाउमे कुलबोनी यांनी जाहीर केलं होतं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवणार नाही. कारण दिलं ते घरभाड्याचं. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली. पिचकाऱ्या ज्यांच्यावर उडाल्या ते टेबलावर बसून खर्च करणारेच लोक होते, काका. तुम्हाला हवे आहेत तसेच.

गोव्याने २०२२ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी केली, ५,००० ते ५०,००० रुपये दंड ठेवला. तो नियम मला पटतो. रस्त्यात गॅस पेटवून टोप चढवणं आणि घरून आणलेली चपाती खाणं एकच नाही. काय केलं त्याबद्दल दंड करा. किती पैसे आणले त्याबद्दल का? मी राहते तिथे झ्युल्पिशर श्ट्रास या रस्त्यावर ११ नोव्हेंबरला, कार्निव्हल सुरू होतो त्या दिवशी, दुकानदार काचांवर फळ्या ठोकतात, इतकी गर्दी होते. पण रस्ता भरला की आत सोडणं बंद होतं, मग तुम्ही कोणीही असा. असा साधा विचार आपल्याकडे करायला काय जातं, हे मला इथे आल्यापासून कळेनासं झालंय.

तरी बार्सिलोनातली एक संध्याकाळ मला सोडत नाही, ती सांगायला हवी.

बार्सेलोनेता हा तिथला जुना कोळीवाडा. गल्ल्या अरुंद, घरांचे पुन्हा चार-चार तुकडे केलेले, एकेक बिऱ्हाड तीस-पस्तीस चौरस मीटरचं. बाल्कन्यांतून वाळत घातलेले कपडे आणि मधेमधे वस्तीचा निळा-पिवळा झेंडा. आम्ही दमलो होतो. एका दाराशेजारी बूड टेकलं, सॅका भिंतीला लावल्या, डबा उघडला. दार उघडंच होतं, पातळ पडदा होता, आत टीव्ही चालू होता. थोड्या वेळाने पडदा सरकला आणि एक म्हातारी बाई घडीची खुर्ची घेऊन बाहेर आली. अंगात घरातला फुलाफुलांचा झगा, पायात सपाता. तिची खुर्ची ठेवायची जागा आमच्या सॅकांनी अडवली होती. ती काही बोलली नाही. खुर्ची हातात धरून उभी राहिली. आम्ही घाईघाईने उठलो, सॉरी म्हणालो, सॅका ओढल्या. तिने खुर्ची मांडली, झगा नीट केला, आणि आमच्याकडे न बघता गल्लीकडे बघत बसली. गल्लीतून एकामागून एक चाकांच्या बॅगा खडखडत चालल्या होत्या.

माझी आजी अशीच बसायची. देवबागला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीच्या अंगाला. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधे जमिनीची पट्टी आणि एकच रस्ता. मे महिन्यात गाड्या दारातून जायच्या, लोक खळ्यात शिरायचे, विहिरीच्या आडोशाला ओले कपडे बदलायचे. आजी मला म्हणायची, "ह्यां घर आसा म्हणान सांग गो तेंका." मी बारा-तेरा वर्षांची, जाऊन सांगायचे, आणि फार तोऱ्यात सांगायचे. आम्ही पोरं त्यांना घाटावरचे म्हणायचो, त्यांच्या डब्यांना आणि चटयांना हसायचो. काकांनी फोटोखाली जे लिहिलं ते मीही तेव्हा बोललेय, याहून वाईट शब्दांत.

पण आजीला डब्याचा त्रास नव्हता. डबा घेऊन आलेल्यांना ती विहिरीचं पाणी काढून द्यायची. तिला न विचारता आत येण्याचा त्रास होता. आणि न विचारता आत यायची व्यवस्था आम्ही घरच्यांनीच केली, हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही.

आजी गेल्यावर काकांनी न्याहारी-निवास सुरू केलं. पडवी बंद करून दोन खोल्या काढल्या. तिसरी खोली माझी. कॉलेजला असताना मीच फोटो काढले, मीच इंग्रजीत माहिती लिहिली, 'शांत, समुद्राच्या आवाजात झोपा' असं काहीतरी. माझ्या कपाटावर आता इन्व्हर्टर आहे, दारावर ३ नंबर आहे. कोलोनच्या दुसऱ्या सेमिस्टरचा खर्च बऱ्याच अंशी त्या खोलीतून निघाला. इथल्या मित्रमैत्रिणींसमोर मी बार्सिलोनाच्या त्या १०,१०१ परवान्यांचं कौतुक करते, घरं माणसांना राहायला हवीत असं तावातावाने बोलते, आणि महिन्याच्या शेवटी काकांचे पैसे खात्यावर आले की नाही ते बघते. दोन्ही मनापासून.

बार्सेलोनेतात एका शटरवर 'टुरिस्ट गो होम' लिहिलेलं होतं. बरोबरच्या मुलींनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला. मी काढला नाही. वाईट वाटलं असं नाही, पण ते 'होम' कुठलं याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. कोलोनला माझी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद आहे, लेटरबॉक्सवर माझं नाव आहे, तेही वेगे सोडली की निघेल.

काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. डिसेंबरात घरी जायचंय, म्हणून परवा फोनवर फक्त एवढंच विचारलं की नाताळ ते एकतीस तारीख तीन नंबर मोकळी आहे का. नाही म्हणाले, पुण्याचं एक कुटुंब आहे, पूर्ण पैसे आधीच भरलेत. मला माजघरात गादी टाकतील.