खुलासा : गोल्फमध्ये एकूण फटके कमी असणाराच नेहमी जिंकतो, असे नाही

‘गोल्फ कोणत्याही पद्धतीने खेळा, १८ होलचे एकूण फटके ज्याचे कमी तोच विजेता’ असा संदेश सध्या रत्नागिरी-चिपळूणकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे (होल म्हणजे चेंडू खळगीत घालून पूर्ण करायचा मैदानाचा एक टप्पा). तो केवळ नेहमीच्या स्ट्रोक प्ले, म्हणजे सर्व होलचे फटके एकत्र मोजण्याच्या प्रकारापुरता खरा आहे. खेळाच्या अधिकृत नियमावलीतील तिसरा नियम मॅच प्ले आणि स्ट्रोक प्ले यांतील फरक स्पष्ट करतो, तर स्टेबलफोर्ड (गुणांवर खेळली जाणारी पद्धत) यासारखे प्रकार एकविसाव्या नियमात येतात.

मॅच प्लेमध्ये प्रत्येक होल स्वतंत्रपणे जिंकला जातो. पार ४ च्या, म्हणजे ४ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या होलवर एकाने ४ आणि दुसऱ्याने ९ फटके घेतले, तरी पहिल्याच्या खात्यात एकच होल जमा होतो, पाच फटक्यांची आघाडी नव्हे. त्यामुळे एकूण फटके जास्त होऊनही सामना जिंकता येतो. युरोप आणि अमेरिका यांच्या संघांतील रायडर कप याच पद्धतीने खेळला जातो.

स्टेबलफोर्डमध्ये तर जास्त गुण मिळवणारा जिंकतो : बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, पारला २, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४ गुण, आणि वरच्या उदाहरणातील ९ फटक्यांना शून्य. एखादा होल पूर्ण बिघडला तरी फेरी वाया जात नाही, म्हणून नवशिक्यांसाठी मला हीच पद्धत अधिक योग्य वाटते.

या संदेशामुळे नियमानुसार लागलेल्या निकालांवर विनाकारण शंका घेतली जाते. कृपया तो पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटावर हा खुलासाही टाकावा.