माझ्या आईचं वाक्य

मागच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक पाहायला गेलो होतो. धान कापलेल्या बांधीत मंडप टाकलेला, खाली तणसीवर बायामाणसं शाली गुंडाळून बसलेली. दुसऱ्या अंकात पोरगा पुण्याला कामाला निघतो आणि आई त्याला म्हणते, "रातच्याले आला तरी हाक मारू नको रे बाप्पा, मी दाराले कडी लावतच नाही."

शेजारच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मी थिजून गेलो. ते वाक्य माझं होतं. खरं तर माझ्या आईचं. मी डी.एड.ला नागपूरला निघालो तेव्हा अंगण सारवता सारवता, शेणाचे हात तसेच ठेवून ती हे बोलली होती. कितीतरी वर्षांनी मी ते वहीत उतरवलं आणि तीन हंगामांपूर्वी त्या वहीचं नाटक झालं. इथं मात्र पात्रांची नावं बदललेली, नाटकाचं नाव बदललेलं, आणि पत्रकावर लेखक म्हणून भलत्याच माणसाचं नाव.

मध्यंतरात विंगेत गेलो. प्रॉम्प्टरच्या हातात झेरॉक्स होती, माझ्याच अक्षरातली. पहिल्या पानावर माझ्या नावाच्या जागी तेवढी कोरी पट्टी दिसत होती. तिथं कागद ठेवून झेरॉक्स काढली होती. तो पोरगा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "गुरुजी, हे त तुमचंच नाटक होय ना जी?" त्याच्यावर मी काय रागावणार!

ज्या नाटक कंपनीला मी वही दिली होती तिथं दुसऱ्या दिवशी फोन केला. उत्तर आलं, "गुरुजी, तवाच पैसे देल्ले ना तुमाले. वही आमची झाली, आमी कोनालेही देऊ."

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीवरच्या, बहुतेक लेखकांनी हे वाक्य ऐकलं असेल. आपण ते खरं मानतो आणि गप्प बसतो. मीही मानत होतो. त्या रात्रीनंतर १९५७ चा कॉपीराइट कायदा एका वकील मित्राजवळ बसून कलमागणिक वाचून काढला.

वही विकली म्हणजे कागद विकला. त्यावरचं नाटक विकलं जात नाही. कलम १७ प्रमाणे लिहिणारा हा पहिला मालक, आणि कलम १९ म्हणतं की हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी. कोणता हक्क, किती वर्षं, कोणत्या भागात, मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात. आपल्याकडे काय होतं? चहाच्या टपरीवर पाकीट हातात, वही त्यांच्या हातात, संपलं. सहीचा कागदच नसेल तर हक्क कायमचा गेला असं कायदा मानत नाही. फार तर नाटक करायची परवानगी दिली म्हणता येईल. वही तिसऱ्या कुणाला द्यायची परवानगी नाही.

नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, हाही समज खोटा आहे. नाटक कागदावर उतरलं की हक्क लागू होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, ऑनलाइन होते, आणि नाटकासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे. तरी मी म्हणेन, करून घ्या, कारण उद्या वाद झाला तर नोंदवहीतली नोंद न्यायालय सकृद्दर्शनी पुरावा म्हणून धरतं. हा हक्क आपल्या मरणानंतरही ६० वर्षं आपल्या वारसांचा असतो. म्हणजे माझं नाटक माझ्या नातीच्याही कामाचं आहे. शेताचा सातबारा आपण जिवापाड जपतो आणि वह्या मात्र पोत्यात उंदरांपुढे टाकून ठेवतो.

पण मला सर्वांत जास्त भिडलं ते कलम ५७. हक्क पैसे घेऊन रीतसर विकला तरी आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. आपल्या लेखनाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर तीही थांबवता येते. त्या नाटकात माझ्या अंगाईच्या जागी त्यांनी द्व्यर्थी गाणं घातलं होतं. आईच्या तोंडी! पैसे बुडाले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

आता दुसरी बाजूही सांगतो. आपल्याकडे कुणी कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यावर नाटक लिहिलं की दुसरा म्हणतो, माझा विषय चोरला. विषय कुणाचाच नसतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद या नाटककाराच्या खटल्यात हेच सांगितलं. आपल्या नाटकावरून सिनेमा काढला असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते हरले. कल्पनेवर मालकी नाही, ती ज्या रीतीनं मांडली त्यावर आहे. हुंडा, भावकी, जमिनीचा वाद खुशाल दहा जणांनी लिहावा. माझी वाक्यं तेवढी माझी.

आणि आपणही सिनेमाची चाल उचलून नाटकात गाणं बसवतो, हे मान्य करायला हवं. मीही केलंय. यापुढे नाही. आपल्या ऑर्गनवाल्यांच्या बोटांत चाली कमी नाहीत.

गावातल्या पोरांनी हौसेनं, तिकीट न लावता माझं नाटक केलं तर कायदाही अडवत नाही आणि मीही अडवणार नाही, उलट तालमीला येईन. पण तिकीट लावून, कंपनी बोलावून होणारा खेळ वेगळा. तिथं पडदा ओढणाऱ्यालाही पैसे मिळतात, मग लेखकाचंच काय फुकट? मोबाइलवर अख्खं नाटक काढून यूट्यूबवर टाकणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. लेखकाचा हक्क आहेच, शिवाय नटांचा आणि गाणाऱ्यांचा सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा.

झाडीपट्टीला लोक आता ओळखतात, २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. नटाचं नाव झालं याचा मनापासून आनंद आहे. लेखकाचं नाव पत्रकावर निदान कोपऱ्यात तरी असावं.

मी पोलिसात गेलो नाही. या कायद्यात ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे, किमान ५० हजार दंड आहे. पण त्या मंडपात पंचवीस-तीस माणसांची चूल पेटते, त्यांचा काय दोष? मी वकिलाची नोटीस पाठवली. पूर्वी वाटायचं, दावा लावायचा तर मुंबई गाठावी लागेल. तसं नाही. कलम ६२ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता येतो. नोटिशीत ते लिहिलं आणि आठ दिवसांत माणूस घरी आला. नाव लागलं, अंगाई परत आली, राहिलेल्या खेळांचे पैसे अर्धे का होईना मिळाले.

यंदाची वही मी एका कंपनीला दिली ती कागद करून. दोन हंगाम, चार जिल्हे, खेळामागे ठरलेली रक्कम, पत्रकावर लेखकाचं नाव, आणि विचारल्याशिवाय संवाद बदलायचा नाही. मालकानं दोनदा वाचून सही केली.

दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. ज्यांना या कागदाचा नमुना हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, फोटो पाठवतो. वही द्यायच्या आधी मागा.