साठ हजारांचा ड्रायव्हर कुठं भेटतो?

सध्या जालना, बीड, परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षेच्या नादात पुण्यात खोली करून वय घालवू नका, ट्रकचं स्टिअरिंग धरा. ड्रायव्हर महिन्याला साठ हजार पाडतो, खाणं-राहणं मालकाकडं, फुकटात देश पाहायला मिळतो, ड्रायव्हर मिळेनात म्हणून मालक पाया पडतात आणि चार वर्षांत स्वतःची गाडी दारात उभी राहते. खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘प्रत्येक बेरोजगारापर्यंत पोहोचवा’.

मी जालन्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, फाडतो आणि फेरीचे हिशेब करतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यानं हिशेबाचा कागद मात्र कधी पाहिलेला दिसत नाही.

साठ हजार हा आकडा निव्वळ थाप नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. एवढे पैसे ड्रायव्हरच्या हातातून खरंच जातात. गाडी भरून निघताना त्याला खर्ची मिळते. तिच्यातून वाटेतलं डिझेल, पंक्चर, वजनाचा काटा, माल उतरवायची वाराई, दोरी-ताडपत्री आणि ज्याला सगळे नुसतं ‘एंट्री’ म्हणतात ती वाटेतली चिरीमिरीही भागवायची. टोल फास्टॅगमधून जायला लागल्यापासून ते एक कलम तरी कमी झालं. फेरी करून आलेला ड्रायव्हर माझ्यासमोर बसतो आणि खिशातून घडी केलेला कागद काढतो. बहुतेकदा ते लेकराच्या वहीचं पान असतं, घामानं शाई फुटलेली. मी एकेक कलम वाचतो. मालक शेजारून विचारतो, ‘निजामाबादच्या अलीकडं दोन पंक्चर कसे रे? टायर तर नवे टाकलेत.’ पावती नसलेला खर्च अर्धा मान्य होतो, अर्धा ड्रायव्हरच्या नावावर पडतो. माल काट्यावर कमी भरला तर शॉर्टेजही बऱ्याचदा त्याच्याच खात्यात. गावाकडच्या पुतण्याला यातलं काही दिसत नाही. त्याला काकाच्या फोनवर आलेला पैसे जमा झाल्याचा मेसेज दिसतो आणि तो त्यालाच पगार समजतो.

दुसरी पद्धत ठोक बोलीची. इथून तिथपर्यंत इतके रुपये, वाचले ते तुझे. यात जुना मुरलेला ड्रायव्हर खरंच पैसे वाचवतो, ते मी नाकारत नाही. पण वाचवतो कशातून? उतारावर गाडी न्यूट्रल सोडून डिझेल वाचवतो, ब्रेक गेले तर गेले. टोल चुकवायला आडवाटेनं जातो. आणि सगळ्यात मोठी बचत किन्नर, म्हणजे क्लीनर, न घेण्यात आहे. पूर्वी गाडीवर दोन माणसं असत. रात्री वळणावर मागं बघायला, टायर ठोकून पाहायला, ड्रायव्हरला जागं ठेवायला किन्नर असायचा. आता त्याचाही भत्ता ड्रायव्हरच ठेवतो आणि त्याचं कामही हाच करतो. मेसेजमधल्या कमाईत एका गायब माणसाची मजुरी आहे.

पगारी ड्रायव्हरचा साधा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भावकीतल्या ड्रायव्हरला विचारून बदलून घ्या. पगार १८ हजार, भत्ता रोज ४००, महिन्यात २५ दिवस गाडीवर. दोन्ही मिळून २८ हजार. ढाब्यावरचं दोन वेळचं जेवण, चहा, पाणी, आंघोळ धरून दिवसाला ३०० गेले तर साडेसात हजार. उरले साडेवीस हजार. आता तास. चालवणं आणि भरण्या-उतरवण्याच्या रांगेत थांबणं मिळून गाडीवरचा दिवस चौदा तासांचा धरा. महिन्याचे झाले साडेतीनशे. म्हणजे तासाला ५८-५९ रुपये.

आता हेच कायद्यानं करून पाहू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं गेलं. लांब पल्ल्याला फार तर दिवसाचे दहा आणि आठवड्याचे ५४. जादा तासाला मजुरी दुप्पट. आपल्या उदाहरणातले १८ हजार २०० तासांचे धरले तर तासाला ९० पडतात, आणि वरचे दीडशे तास १८० नं २७ हजारांचे होतात. पगार, जादा तास आणि भत्ता मिळून ५५ हजार. गंमत बघा, मेसेजच्या आकड्याच्या जवळ आलोच की आपण. फरक एवढाच की हे पैसे ड्रायव्हरला मिळत नाहीत, ते त्याचे बुडतात. तो कायदा मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी केलेला आणि आपल्याकडं एक-दोन गाड्यांचे मालकच पुष्कळ. मोठ्या फ्लीटवाल्यांकडंही जादा तासांचं खातं लिहिलेली वही माझ्या पाहण्यात नाही.

‘खाणं-राहणं मालकाकडं’ यातलं खाणं म्हणजे तोच भत्ता, तो वर मोजून झाला. राहणं म्हणजे केबिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण मोंढ्यात आणि मिलच्या गेटवर उभ्या असलेल्या गाड्या बघा, त्यातल्या किती नव्या आहेत? एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा बेचाळीसच्या वर जातो आणि केबिनमध्ये बुडाखाली इंजिन तापलेलं असतं. बरं, तिथं झोपायचं तेही आरामासाठी नाही. डिझेलची चोरी होते, बॅटरी जाते, ताडपत्री कापून पोती ओढतात. म्हणून ड्रायव्हरनं गाडीतच झोपायचं. ही रखवाली झाली, आणि रखवालदाराचा वेगळा पगार कुणी देत नाही.

देश पाहायचं म्हणाल तर देशाचे बायपास पाहायला मिळतात. शहरात दिवसा जड वाहनांना नो एंट्री, त्यामुळं पुणं आलं तरी ते रात्री उशिरापर्यंत लांबूनच. खरं दर्शन घडतं रांगांचं. जालन्यात सळई भरायला मिलच्या गेटवर नंबर लावा. लातूरला सोयाबीनची पेंड भरायला थांबा. न्हावा शेवाला कंटेनर खाली करायला यार्डाबाहेर उभे राहा. जालन्याहून न्हावा शेवा चारशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी झाल्यावर चालवायचा वेळ चांगलाच कमी झाला, पण रांगेत जाणारा वेळ तिथंच आहे. किलोमीटरवर किंवा फेरीवर पैसे घेणाऱ्या ड्रायव्हरला त्या थांबण्याचं काही मिळत नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मिळालंच तर मालकाला मिळतं. शिवाय मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत सरतच असते, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. गेटवर दिवस गेला की तो रात्री जागून भरून काढायचा. ऑफिसातून ‘कुठपर्यंत आलास’ असा फोन करणारा बऱ्याचदा मीच असतो.

ड्रायव्हर मिळत नाहीत, हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्या ऑफिसातही ड्रायव्हरवाचून गाड्या उभ्या राहतात. मग त्यांचा भाव का वाढत नाही? कारण भाडं गाडीमालक ठरवत नाही. एक-दोन गाड्यांचा मालक दलालाला फोन करतो, दलालाकडं त्याच मालासाठी आणखी दहा गाड्या असतात. परतीला भाडं मिळालं नाही तर गाडी रिकामी आणायची किंवा अर्ध्या भाड्यात भरायची. डिझेल, टोल, बँकेचा हप्ता यांत हात घालता येत नाही, मग हात जातो भत्त्यात. पाया पडायचं म्हणाल तर मालक पडतोही, उचल देताना. लग्नाला, बोअरला, दवाखान्याला आगाऊ पैसे देतो. ते फिटेपर्यंत ड्रायव्हर दुसरीकडं जाऊ शकत नाही. ऊसतोडीच्या उचलीवर वाढलेल्या बीडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

राहिली स्वतःची गाडी. बारा टायरची नवी गाडी घ्यायला तीस लाखांचं कर्ज काढलं, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, तर महिन्याचा हप्ता ६५ हजारांवर जातो. मेसेजमधला अख्खा पगार देऊनही पाच हजार कमी पडतात. वर थर्ड पार्टी विमा, २० ते ४० टन वजनाच्या मालट्रकला २०२२ च्या दरानं ४३,९५० रुपये आणि त्यावर जीएसटी. टायर, पासिंग, नॅशनल परमिट वेगळं. भाड्यात हे बसेना की माणूस जादा माल भरायला लागतो, आणि पकडला गेला तर २० हजार दंड अधिक प्रत्येक जादा टनाला दोन हजार. स्वतःची गाडी करून वर आलेले ड्रायव्हर आहेत, मी ओळखतो. त्यातल्या बहुतेकांनी जुनी गाडी घेतली, भाऊ किन्नर म्हणून बसवला आणि एखाद्या मिलचं कायमचं काम धरलं. चार वर्षांत कुणाचंच झालेलं नाही.

मेसेजनं अपघाताचा शब्दही काढलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. नव्या न्याय संहितेतलं कलम १०६(२), धडक देऊन न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, हे त्याचं कारण. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंतची तरतूद आहेच. अपघात झाला की गाडी काही दिवसांत मालकाला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून दिल्यावर, परत मिळते. ड्रायव्हर तारखांना जात राहतो, आणि तारखेच्या दिवशी भत्ता नसतो. वकील कोण देणार, हे नोकरी धरताना कुणी विचारत नाही.

मुलगी बघायला गेल्यावर काय होतं, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ‘ड्रायव्हर आहे’ म्हटलं की चहा येतो, पोहे येत नाहीत.

तरीही पोरं या लाइनला का येतात? दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि त्या हंगामात मोंढ्यात त्याखाली माल विकून आलेले शेतकरी तुमच्याही घरात असतील. त्यापुढं दर महिन्याला येणारे वीस हजार मोठेच वाटतात, आणि वाटणारच. घर चालवायला म्हणून कुणी ट्रक धरत असेल तर त्याला मी वेड्यात काढणार नाही. मेसेज मात्र घर चालवायला सांगत नाही, साठ हजार सांगतो.

आणि उद्या सकाळी स्टिअरिंग हातात येतही नाही. आठवी पासची अट २०१९ ला गेली, पण वाहतुकीच्या लायसनला वय वीस लागतं आणि आधी हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर असावं लागतं. तोवर कुणाच्या तरी गाडीवर राबायचं. ऑफिसात असं पोरगं आलं की मी त्याला आधी जवळच्या लाइनी दाखवतो: दुधाचा टँकर, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या, मिल ते रेल्वेचा मालधक्का. पैसा थोडा कमी, पण रात्री घरी. लांबची गाडी धरायचीच असेल तर मालकाला चार गोष्टी विचार म्हणतो. किन्नर आहे का, हॉल्टिंगमध्ये माझा वाटा किती, शॉर्टेज कुणाच्या नावावर, आणि अपघात झाला तर वकील कोण देणार. मालक यावर हसला तर चावी परत ठेवायची आणि शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये जायचं. ड्रायव्हरची टंचाई खरीच आहे, तिचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.