सही कोणाची, नोकरी कोणाची

३१ डिसेंबरला कॉव्हेन्ट्रीत अंधारून आलं होतं, पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरत होतं : आज रात्री ॲपवरून काही मागवू नका, डिलिव्हरीवाल्यांच्या संपाला साथ द्या. त्याखाली अंगठे, हात जोडलेले, मुठी. मीही एक मूठ टाकली आणि पोस्टर आणखी दोन ग्रुपवर ढकललं. मग किटली लावली. एकूण पंधरा सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला भाच्याला फोन केला. तो कर्वेनगर-कोथरूड भागात एका दहा मिनिटंवाल्या ॲपसाठी गाडी पळवतो. बी.कॉम. झालाय, बँकेच्या परीक्षा देतोय, तोवर हे. तो हसत म्हणाला, "मामा, तुझ्या शाळेच्या ग्रुपमधल्या दोघांकडे काल मीच गेलो होतो. एकाकडे बर्फ अन् सोडा, एकाकडे चीज अन् पेपर प्लेटा. एकाने ओळखलं पण मला. पाणी विचारलं. चांगली आहेत माणसं."

"आणि तू संपावर नव्हतास?"

"थर्टीफर्स्टचा इन्सेंटिव्ह सोडून गाडीचा हप्ता कोण भरणार? तू?"

मी काही बोललो नाही, कारण 'मी भरतो' असं म्हणणं सोपं होतं आणि ते त्याने घेतलं नसतं.

त्या संपाची हकिगत बहुतेकांना माहीत असेल. तेलंगणातली गिग कामगारांची संघटना आणि ॲपवर काम करणाऱ्या वाहतूक कामगारांचा देशव्यापी महासंघ यांनी २०२५च्या २५ आणि ३१ डिसेंबरला बंदची हाक दिली होती. दर वाढवा, कारण न सांगता आयडी ब्लॉक करू नका, दहा मिनिटांची शर्यत बंद करा, या मागण्या. समाजमाध्यमांवर चिक्कार गाजला. १ जानेवारीला झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं की आदल्या दिवशी झोमॅटो आणि ब्लिंकिट मिळून ७५ लाखांवर विक्रमी ऑर्डरी पोचवल्या. मग दोन आठवड्यांच्या आत केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि ब्लिंकिटने जाहिरातीतला 'दहा मिनिटांत' हा दावा काढून टाकला. ग्रुपवर पुन्हा मुठी. 'जिंकलो!'

इथे आमचं दोन गटांत भांडण लागलं, आणि मला दोन्ही गट पटले नाहीत. एक काका आहेत (मित्राचे, पण आता सगळ्यांचेच काका), त्यांचं म्हणणं, कोणी बळजबरी केली नाही, नाही परवडत तर सोडा. आणि हे हॅशटॅगवाले म्हणजे रिकामटेकडे. दुसरी बाजू म्हणते, बघा, जनतेच्या दबावापुढे एवढी मोठी कंपनी वाकली. मला प्रश्न पडला तो असा, की वाकली म्हणजे नेमकं काय हललं? भाच्याला विचारलं. पाटी गेली, गिऱ्हाइकांची 'अकरावं मिनिट लागलं' ही ओरड थोडी कमी झाली, हे त्याने मान्य केलं. ते कमी नाही. सिग्नलवर जीव वाचू शकतो. पण डार्क स्टोअर (फक्त ॲपच्या ऑर्डरी भरणारं गोदाम) तिथेच, एका फेरीचा दर तोच, आणि आयडी कोण कधी बंद करेल तेही तसंच अधांतरी. कंपनीने शब्द बदलला, कारण शब्द फुकट बदलता येतो.

हे मला इथे राहून जास्त दिसतं, कारण माझ्या घरापासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर ॲमेझॉनचं एक अजस्र गोदाम आहे. पूर्वी तिथे जॅग्वारचा कारखाना होता. ऑगस्ट २०२२मध्ये इंग्लंडमधल्या ॲमेझॉनच्या काही गोदामांत ताशी ३५ पेन्स वाढ जाहीर झाली, महागाई तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास. लोक कामं टाकून कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. मोबाईलवर घेतलेले ते व्हिडिओ देशभर फिरले, आणि हो, ठिणगी पसरली ती या व्हिडिओंमुळेच, ते मी नाकारत नाही. २५ जानेवारी २०२३ला कॉव्हेन्ट्रीत ॲमेझॉनच्या ब्रिटनमधल्या इतिहासातला पहिला अधिकृत संप झाला. मागणी ताशी १५ पौंडांची. गेटवर जीएमबी युनियनचे नारिंगी झेंडे, कडाक्याची थंडी. मी गाडीतून दोनदा हॉर्न वाजवून पुढे गेलो. माझं योगदान तेवढंच, आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात त्यांचंच एक खोकं आलं होतं हेही सांगून टाकतो.

पुढे दीड वर्ष लढाई चालली ती फोनवर नव्हे. कंपनी आपणहून युनियनला मान्यता देत नसेल तर इथे बहुधा कायद्याने गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतदानाच्या आधी गोदामात जागोजागी क्यूआर कोड लावले गेले, असा युनियनचा आरोप होता. तो स्कॅन केला की युनियनला 'माझं सभासदत्व रद्द करा' अशी मेल आपोआप तयार व्हायची. म्हणजे आपण बाहेर एका क्लिकमध्ये पाठिंबा देतो, आत एका क्लिकमध्ये राजीनामा. जुलै २०२४मध्ये निकाल लागला. बाजूने ४९.५ टक्के. युनियन २८ मतांनी हरली.

अठ्ठावीस. एका पाळीला जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसतात तेवढी माणसं. त्यांच्या बाजूने जगभरातून आलेल्या लाईक आणि शेअरची संख्या कितीही असो, त्यातलं एकही त्या पेटीत टाकता येत नव्हतं.

आमच्या गल्लीत मडगावचा एक जण राहतो. गोव्यातल्या पुष्कळांसारखा पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला. तो तेव्हा तिथे रात्रपाळीला होता. आम्ही अर्ध्या कोंकणीत, अर्ध्या मराठीत बोलतो, फुटबॉल आणि बांगडे या विषयांवर. निकालाच्या संध्याकाळी तो कचऱ्याचा डबा बाहेर काढत होता. "बातमी बघितली," मी म्हटलं. "हं," तो म्हणाला, डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं आणि आत गेला. मत कोणाला दिलंस हे मी विचारलं नाही. गुप्त मतदान असतं ते याचसाठी.

अमेरिकेत तर याचा जोडप्रयोगच झाला. २०२१मध्ये अलाबामातल्या बेसेमर इथल्या ॲमेझॉनच्या गोदामात युनियनसाठी मतदान झालं तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष तिकडे. नट, खेळाडू, खासदार ट्वीट करतायत, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी व्हिडिओ काढला. निकाल : विरोधात १,७९८, बाजूने ७३८. (पुढे फेरमतदान झालं, ते लचांड वेगळं.) पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर तसंच मतदान झालं. तिथली युनियन कामगारांनी स्वतःच काढलेली, म्होरक्या ख्रिस स्मॉल्स, ज्याला कोविडच्या काळात सुरक्षेसाठी निदर्शनं केल्यावर कंपनीने काढून टाकलं होतं. मोठ्या लोकांना त्यांच्यावर फारसा भरवसा नव्हता. त्यांनी ऑनलाइन वर्गणी जमवली, टिकटॉकही वापरलं, पण मुख्य काम गोदामासमोरच्या बसस्टॉपवर तंबू टाकून, शेकोटी पेटवून, पाळी सुटली की घरचं जेवण वाढून झालं. २,६५४ विरुद्ध २,१३१, जिंकले. त्यानंतरची वर्षं कोर्टकज्ज्यांत गेली, ते खरं. पण मतं कुठे जमली ते दिसलं.

म्हणजे ऑनलाइन दबाव निरुपयोगी? काकांना असं वाटून आनंद होईल म्हणून घाईने सांगतो, नाही. मार्च २०२१मध्ये ॲमेझॉनच्या अधिकृत खात्यावरून एका अमेरिकी खासदाराला उलट उत्तर गेलं, की कामगार बाटल्यांत लघवी करतात हे तुम्हाला खरंच खरं वाटतं का? चालकांनी फोटो टाकले, कंपनीच्याच अंतर्गत कागदांत तो विषय निघाला, आणि आठवडाभराने कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. २०२४च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या ॲमेझॉन गोदामातली बातमी आली : सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली. मे महिना, उत्तरेतली उष्णतेची लाट. इतका गहजब झाला की राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन नोटीस काढली. कंपनीने ही दुर्दैवी, एकटीदुकटी घटना असल्याचं सांगितलं. दारामागचं बाहेर आणायला या माध्यमासारखं दुसरं हत्यार नाही. ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याच्याकडे यामुळे निदान नोटीस घेऊन माणूस जातो.

पण दोन्ही वेळा कंपनीने काय दिलं बघा. माफी आणि खुलासा. दोन्ही शब्दच.

मला या सगळ्यात राहून राहून नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला : रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, कामाचे तास सूर्यास्ताला संपवा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या, यंत्रात हातपाय गेला तर भरपाई द्या. खाली ५,५०० कामगारांच्या सह्या. 'दीनबंधू'सारखं पत्र त्यांच्या हाताशी होतं, म्हणजे गाजावाजा करायचं साधनही होतं. तरी सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला, आणि त्याआधी एप्रिलमध्ये दहा हजार माणसं सभेला जमावी लागली. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्या ५,५०० सह्यांतली प्रत्येक सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीच्या दारातून आत जायचं होतं. कामगारांची भरती करणारा मुकादम, म्हणजे जॉबर, दारातच उभा. त्या अर्जाचं वजन अक्षरांत नव्हतं, या धोक्यात होतं. मालकालाही ते कळत असणार.

आणि माझी सही? मी परदेशात बसून वर्षाला पंधरावीस पिटिशनांवर नाव घालतो. ते नाव घालताना माझं काय जातं याचा हिशेब कंपनीतला कोणीतरी माझ्यापेक्षा नीट करत असतो. ब्रिटनमध्ये उबरच्या चालकांना कामगाराचा दर्जा मिळाला तो २०२१मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. ती केस सुरू झाली दोन चालकांच्या नावाने. लाखो प्रवाशांच्या नावाने नव्हे.

माझ्या मते आकडे हलवायचे तर जाहिरातीवर नव्हे, व्यवहारावर हात ठेवावा लागतो, आणि यात महाराष्ट्राला कोणाकडून शिकायची गरज नाही. हमालांचं दुखणं हेच होतं : सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं, दुपारी दुसऱ्याचं, मग मालक कोण? भाच्याचा प्रश्न अक्षरशः तोच आहे. ॲप म्हणतं तू आमचा 'पार्टनर'. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९मध्ये माथाडी कायदा आला. मंडळात नोंदणी, मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) मालकाने मंडळात भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. मंडळांत पुढे काय काय शिरलं ते कोणत्याही बाजारपेठेत विचारा, मी सोवळं नेसून बोलत नाही. पण कल्पना पक्की होती. राजस्थानने २०२३मध्ये गिग कामगारांचा कायदा केला तेव्हा चळवळीतली माणसं दाखला देत होती तो या माथाडी मंडळांचाच. कर्नाटकाने २०२५मध्ये प्रत्येक व्यवहारात कामगाराला जे मिळतं त्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क लावायचं ठरवलं. प्रत्येक ऑर्डरमागे चार पैसे बाजूला पडले तर ते ट्रेंड होवो न होवो, पडतच राहतात.

हे मी ग्रुपवर लिहिलं. एकाने 'लेख खूप मोठा' म्हटलं. काकांनी गुलाबाचं फूल पाठवलं.

भाच्याला मात्र पाठवलं नव्हतं, तरी त्याच्या आईने पाठवलंच. रविवारी त्याचा फोन आला. मागच्या दिवाळीत ते वीसेक जण स्टोअरसमोर जमले होते, कोणीतरी व्हिडिओ टाकला, हजारोंनी बघितला. रात्री ज्यांचे चेहरे दिसत होते त्यांचे आयडी बंद. बघणाऱ्यांचं काही बंद झालं नाही, असं तो हसत म्हणाला. चिडला नव्हता. मग म्हणाला, "मामा, तू लिहितोस ना? कामगार आयुक्तांच्या ऑफिसला अर्ज द्यायचाय. मराठीत, त्यांना लागतो तसा. विषय, संदर्भ, महोदय वगैरे. आयडी बंद करताना कारण लेखी मिळावं, एवढंच. बाकी काही घालू नको."

रात्री बसून लिहिला. दीड पान. शेवटी 'आपले विश्वासू' लिहून खाली किती रेघा मारू ते विचारलं.

"दहा मार," तो म्हणाला. "सध्या दोघंच तयार आहेत. एक मी."