नॉर्टन जिंकला होता, पण त्याला लुटलं नाही

आमच्या घरात दोन विषय काढायचे नाहीत असा अलिखित करार आहे. एक, गावच्या जमिनीची वाटणी. दुसरा, २८ सप्टेंबर १९७६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेली मुहम्मद अली आणि केन नॉर्टन या मुष्टियोद्ध्यांची तिसरी लढत, जगज्जेतेपदाची, जिचा निकाल अलीच्या बाजूनं लागला. पहिला विषय निघाला तर मामा उठून जातो. दुसरा निघाला तर उठतच नाही.

मामाचं म्हणणं सरळ आहे : नॉर्टनला दिवसाढवळ्या लुटला. (लढत रात्रीची होती, हे सांगून उपयोग नसतो.) अलीचं नाव मोठं, तिकिटं त्याच्या नावावर खपलेली, मग पंच दुसरं काय देणार? माझंही मत अनेक वर्षं साधारण हेच होतं. पण गेल्या रविवारी आम्ही दोघांनी यूट्यूबवर सगळ्या पंधरा फेऱ्या लावल्या, आवाज पूर्ण बंद करून. लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले आणि एकमेकांना न दाखवता फेरीगणिक काट मारत गेलो. तेव्हापासून मी एका विचित्र जागी उभा आहे. माझ्या कागदावर नॉर्टन जिंकलाय, ८-७. आणि तरी ‘लुटलं’ हा शब्द मला आता पटत नाही.

आवाज का बंद करायचा ते आधी सांगतो. अलीनं नुसता खांदा हलवला तरी ते मैदान ओरडतं. नॉर्टनचा ठोसा अलीच्या बरगडीत बसतो तेव्हा तेवढी आरोळी उठत नाही, कारण बरगडीतला ठोसा लांबून दिसत नाही. समालोचक आणि गर्दी मिळून तुमच्या नकळत तुमचं पेन धरतात. आवाज गेला की फक्त दोन माणसं उरतात, आणि मग दिसतं की अलीचे कितीतरी जॅब (पुढच्या हाताचे सरळ, झटपट ठोसे) नॉर्टनच्या ग्लोव्हवर, मनगटावर जिरतायत.

कारण नॉर्टनचं उभं राहणंच मुळात आडवं. डावा हात पोटावर आडवा टाकलेला, उजवा हात गालाशी, मागचा पाय फरफटत पुढे येणारा. बघायला अजिबात देखणं नाही. पण अलीनं जॅब टाकला की त्याच क्षणी उजव्या हातानं तो झेलायचा आणि स्वतःचा जॅब सोडायचा, हे त्याला एडी फच नावाच्या प्रशिक्षकानं शिकवलं होतं. ३१ मार्च १९७३ ला सॅन डिएगोत याच पद्धतीनं लढून त्यानं अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. त्याच सप्टेंबरमधली दुसरी लढत अलीनं जिंकली, तीही दोन पंच इकडे, एक तिकडे अशी. म्हणजे यांकी स्टेडियममध्ये उतरेपर्यंत चोवीस फेऱ्या झाल्या होत्या आणि दोघांत केसाएवढाच फरक होता.

त्यात अली ३४ वर्षांचा. मनिलात जो फ्रेझरशी झालेल्या दमवणाऱ्या लढतीला वर्षही झालं नव्हतं. वर तीनच महिन्यांपूर्वी तोक्योत इनोकी या जपानी कुस्तीगिराशी तो भलताच सामना खेळून आला होता, ज्यात इनोकी बराच वेळ पाठीवर पडून त्याच्या पायांवर लाथा मारत होता. ज्याचं अख्खं मुष्टियुद्ध पायांवर चालतं, त्यानं हा उद्योग कशाला करावा, देव जाणे. पहिल्या आठ फेऱ्यांत अली बराच वेळ सपाट पायांवर उभा आहे, मधूनमधून दोरांना टेकून ठोसे अंगावर घेतोय. माझ्या कागदावर तिथपर्यंत नॉर्टन पुढे. मग तो नाचायला लागतो. जुना अली नव्हे, जुन्या अलीची आठवण म्हणा. पण शेवटच्या फेऱ्यांतल्या बऱ्याच त्यानं त्यावर काढल्या.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती सोडून हा वाद घालणं म्हणजे पत्ते न बघता रमी खेळणं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ असे गुण धरत नसत, फेऱ्या मोजत. ज्यानं जास्त फेऱ्या घेतल्या तो जिंकला. मग फेरी तुम्ही समोरच्याला धुऊन काढून घ्या नाहीतर चोरून घ्या, किंमत एकच. आणि फेरी चोरण्यात अलीचा हात धरणारा कोणी नव्हता. अडीच मिनिटं आराम, शेवटच्या अर्ध्या मिनिटात दहाबारा झटपट ठोसे, निम्मे हवेत, पण घंटा वाजते तेव्हा पंचाच्या डोळ्यांत तेच शिल्लक. याला अन्याय म्हणायचं का? मी त्याला नियम ओळखणं म्हणेन.

आता तिघांचे निकाल. पंच हॅरल्ड लेडरमन : ८-७ अली. पंच बार्नी स्मिथ : ८-७ अली. तिसरं मत रिंगमधले रेफरी आर्थर मर्कांटे यांचं, कारण तिथे तेव्हा रेफरीही फेऱ्या मोजत असे : ८-६ अली, एक फेरी बरोबरीत. पंधरावी फेरी तिघांनीही अलीला दिली होती.

हे शेवटचं वाक्य मी मामाला तीनदा वाचून दाखवलं. पंधरावी वजा करा. लेडरमन आणि स्मिथ दोघांकडे चौदा फेऱ्यांनंतर ७-७. मर्कांटेकडे ७-६ अली. म्हणजे ती एक फेरी नॉर्टननं घेतली असती तर दोन कागदांवर तो ८-७ नं पुढे आणि तिसऱ्यावर बरोबरी. जगज्जेता केन नॉर्टन. ज्यांना कोणाला लुटायचंच असतं, ते शेवटच्या तीन मिनिटांपर्यंत हिशेब असा उघडा ठेवतात का?

आणि त्या तीन मिनिटांत काय झालं? अलीच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी त्याला बजावत होता की ही फेरी आपल्याला हवीच. समोरच्या कोपऱ्यात नॉर्टनचा मॅनेजर बॉब बायरन सांगत होता की आपण पुढे आहोत, धोका पत्करू नको. झालं. चौदा फेऱ्या पुढे पुढे सरकत आलेला माणूस पंधराव्यात सुरुवातीची दोन मिनिटं जपून खेळतो. अली हलतोय, टिचक्या मारतोय. शेवटी नॉर्टन जागा होतो, सुटतो, खरे ठोसे बसतात, आणि घंटा. आवाज बंद असूनही कळतं की घंटेनंतर नॉर्टन अलीच्या तोंडावर ओरडतोय, मी तुला हरवलंय म्हणून. अली काही न बोलता वळतो. ती वळलेली मान मामाच्या मते सगळं सांगून जाते. मला वाटतं, दमलेल्या माणसाची मान तशीच दिसते. पण निकालानंतर रडत बाहेर पडलेला नॉर्टन बघवत नाही, हे खरं.

‘जगज्जेत्याकडून पट्टा हिसकावून घ्यावा लागतो, नुसतं थोडं पुढे राहून चालत नाही,’ असं अलीवाले नेहमी म्हणतात. हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही. फेरी ज्याची त्याची. त्यामुळे त्या मुद्द्यावर मी मामाच्या बाजूचा. पण मॅनेजरनं चुकीचा सल्ला दिला आणि नॉर्टननं तो ऐकला, याचं बिल पंचांच्या नावावर फाडता येत नाही.

नॉर्टनचं नशीबही पंधराव्या फेरीतच कुठेतरी अडकलेलं दिसतं. पुढे लिऑन स्पिंक्सनं अलीला हरवलं, मग नॉर्टनशी लढायचं सोडून पुन्हा अलीशीच लढायचं ठरवलं, म्हणून डब्ल्यूबीसीनं (जागतिक मुष्टियुद्ध परिषदेनं) त्याचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. कागदावरचा जगज्जेता. ९ जून १९७८ ला लास वेगासमध्ये लॅरी होम्स समोर आला. पुन्हा पंधरा फेऱ्या. दोन पंच १४३-१४२ होम्स, तिसरा तेवढेच गुण नॉर्टनला. त्या वेळी मात्र शेवटच्या फेरीत नॉर्टननं काही राखून ठेवलं नव्हतं, दोघंही उभे राहून नुसते मारत सुटले होते. तरी हातात काही नाही. जगज्जेतेपदाच्या तीन लढती तो खेळला, फोरमनशी, अलीशी आणि होम्सशी. तिन्ही हरला.

हे सगळं बोलून झाल्यावर मामानं आपलं लाइटबिल पुढे सरकवलं. त्याच्या कागदावर ९-६ नॉर्टन. पण पंधराव्या ओळीत काट अलीच्या रकान्यात होती. मी काही न बोलता त्यावर बोट ठेवलं.

“हां, ती अलीची,” मामा म्हणाला. “पण तू बाराव्याला काय दिलंयस ते दाखव आधी.”

बारावी मी अलीला दिली होती. लॅपटॉप परत उघडला.