सौरदिवा होता, मग तार कशाला?

नमस्कार. मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: तीस घरांच्या वाडीपर्यंत खांब रोवून तारा ओढणं ही निव्वळ उधळपट्टी, त्यापेक्षा घरोघरी सौरदिवे वाटले असते तर स्वस्तात काम झालं असतं, आणि नुसत्या विजेने गरिबी हटत नाही हे केनियात दिसून आलंच आहे. वर 'भावनेच्या भरात आकडे विसरलात' असा टोलाही. टोला निम्मा बसला. आधी तेवढं कबूल करतो.

28 एप्रिल 2018 ला मणिपूरच्या लेइसांगमध्ये वीज पोचली आणि 'देशातलं घर न् घर उजळलं', असं मी लिहून गेलो. साफ चूक. पोचली होती ती गावांत. सरकारी व्याख्येत गावातली 10 टक्के घरं आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा जागा जोडल्या की गावाचं विद्युतीकरण झालं. उरलेल्या नव्वद टक्के घरांत चिमणी असली तरी कागदावर उजेड. (1997 च्या आधी तर गावच्या शिवारात एखाद्या विहिरीवर मोटर चालली तरी भागायचं!) गावाऐवजी घर मोजायला सप्टेंबर 2017 मध्ये वेगळी 'सौभाग्य' योजना आणावी लागली ती उगाच नाही.

पण सौरदिव्यांचं म्हणाल तर मी हटणार नाही. माझ्या मावशीच्या वाडीत आधी सौरदिवे आले, तार मागून आली. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी बसली. नवी कुठे मिळते, कितीला मिळते, हे वाटणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. आज त्या पॅनेलवर मावशी कुरडया वाळत घालते. काळ्या काचेवर त्या झकास वाळतात, एवढं श्रेय देतो.

तार आल्यावर वाडीत पहिली आली ती गिरण. सिंगल फेजवरची, छोटीच. त्याआधी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बायका घाटी उतरून खालच्या गावात जायच्या, आणि तिथे लाइट नसली की डबा ठेवून हात हलवत परत. आता 'सौभाग्य'मध्येच दुर्गम घरांना जो सौरसंच होता तो बघा: 200 ते 300 वॉटचं पॅनेल, पाच एलईडी दिवे, एक पंखा. साधा मिक्सर 500 वॉट खातो. एक हॉर्सपॉवरची घरघंटी साडेसातशेच्या आसपास. उजेड पडेल हो, पीठ कसं पडणार?

बिहारमधल्या धरनईचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. 2014 मध्ये तिथे 100 किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था, मोठ्या गाजावाजात सुरू झाला. माजी मुख्यमंत्री आले तर गावकऱ्यांनी मागितली 'असली बिजली'. फ्रिज चालत नाही आणि दर मात्र जास्त, ती सौरवीज त्यांच्या लेखी नकली. पुढे तारेची वीज आली आणि सौरप्रकल्प मागे पडला. अडाणीपणा नव्हे हा, हिशेब आहे.

केनियाचा अभ्यास तुम्ही नीट सांगितलात. 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, पश्चिम केनियातल्या खेड्यांचा आहे. जोडणीचा खर्च भरमसाट, सवलत दिली तरी घेणारे थोडे, आणि घेतलेल्यांच्या आयुष्यात फारसा फरक नाही. मला तो पटतो. ज्या घरात बल्बपलीकडे काही घ्यायला पैसा नाही, तिथे तारेने दुसरं काय करावं? पण दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलु-नाताळमध्ये, वीज आल्यावर बायकांचा रोजगार वाढल्याचं 2011 मधल्या अभ्यासात दिसलं. चुलीचा, सरपणाचा वेळ वाचला, तो कामाला लागला. दोन्ही खरं आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. मावशीकडे संध्याकाळी गिरण सुरू झाली की बल्ब नुसती लाल तार दाखवतो. डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, पेलतील त्याहून जास्त घरं जोडलीत. पावसात डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला की वायरमन दोन-दोन दिवस फिरकत नाही. उद्घाटनाला फीत कापायला मात्र सगळे हजर होते. तुम्ही उधळपट्टी म्हणता तो पैसा मला कमीच वाटतो, कारण तो खांबापर्यंत येऊन थांबला.

लेइसांगची ओळ दुरुस्त केली आहे. आणि मावशीचं बिल कोण भरतं, असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. तीच भरते, कुरडया विकून.