पोलीस नसलेल्या कोर्टात जज व्हा

काहीतरी भारदस्त करिअर हवंय पण कुणी तुमचं ऐकलंच पाहिजे असा हट्ट नाहीये? मग नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात जज व्हा, जिथे युद्धगुन्हे, नरसंहार असले खटले चालतात. 18 जागा, 9 वर्षांची टर्म, परत निवडून यायची भानगड नाही, अंगावर निळा झगा आणि पगार सुरुवातीला ठरला होता तो वर्षाला 1,80,000 युरो, तोही टॅक्स न लागता. फक्त पासपोर्ट बघून घ्या. भारत, अमेरिका, चीन, रशिया सदस्यच नाहीत, त्यामुळे यातला असेल तर पुढचं सगळं करमणूक म्हणून वाचा.

पात्रतेचं टेन्शन घेऊ नका. निष्पक्षपणा, सचोटी वगैरे हे कोर्ट ज्याच्यावर उभं आहे त्या रोम करारात लिहिलेलं आहेच, ते कुठल्याही बायोडेटात असतंच. आयुष्यात एकही खुनाचा खटला चालवला नसेल तरी चालेल, कारण याद्या दोन असतात, अ मधे फौजदारी कोर्टात मुरलेले आणि ब मधे आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्वान. तुम्ही आपले ब मधून आत शिरा.

मग निवडणूक. हो, जजची निवडणूक. सदस्य देश मतं टाकतात, दोन तृतीयांश लागतात, म्हणजे आधीचे कित्येक महिने न्यूयॉर्कला राजदूतांच्या मागे फिरणं आलं. तिथे तुमचे निकाल वाचलेला माणूस भेटला तर माझा नमस्कार सांगा. "आमच्या उमेदवाराला तुम्ही मत द्या, तुमच्या माणसाचं आम्ही बघतो" एवढं जमलं की झालं. छाननी करायला एक समिती पण आहे हं, ती अहवाल देते, वाचायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. 2003 च्या पहिल्या निवडणुकीत 18 जण निवडायला 33 फेऱ्या लागल्या, तेव्हा बूट आरामशीर घाला.

निवडून आलात की घाई करायची नाही, हा पहिला धडा. काँगोचा बंडखोर म्होरक्या लुबांगा 2006 ला हेगला आणला, खटला 2009 ला उभा राहिला, निकाल 2012 ला, शिक्षा 14 वर्षं. काँगोचाच माजी उपाध्यक्ष बेम्बा, त्याला 2016 ला 18 वर्षं ठोठावली आणि 2018 ला अपिलात निर्दोष सोडला, तोवर गडी दहा वर्षं आत होता. मधेच कंटाळा आला तर दुसरी नोकरी पण बघता येते. 2019 ला एका जजबाईंनी एका मोठ्या खटल्याचा निकाल लिहायचा बाकी असताना एस्टोनियात राजदूतपद घेतलं, आणि बाकीच्या जजांनी बहुमताने सांगितलं की चालतंय की! ओरड झाल्यावर बाईंनी राजदूतपद सोडलं ते वेगळं.

आणि झोप आली तर? येऊ द्या. शेजारच्या युगोस्लाव्हिया ट्रिब्युनलमधे, म्हणजे तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगलाच बसवलेल्या वेगळ्या कोर्टात, एका जजसाहेबांना भर सुनावणीत डुलक्या लागायच्या, एका आरोपीने अपिलात तोच मुद्दा काढला, मग अपिलाचे जज सुनावणीच्या टेप लावून बसले, साहेबांची मान कधी खाली जाते ते बघत. 2001 ला ठरलं की हे वागणं शोभत नाही खरं, पण त्यामुळे आरोपीचं काही नुकसान झालेलं दिसत नाही.

आता खरी मजा, म्हणजे अटक वॉरंट. मनसोक्त काढा, सही ठोका, कारण पकडायला तुमच्याकडे एक हवालदारसुद्धा नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण नुसती म्हणतो, राष्ट्राध्यक्ष लोक ती पाळतात. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष बशीर डोक्यावर वॉरंट घेऊन 2015 ला दक्षिण आफ्रिकेत गेले, सदस्य देश बरं का, तिथल्या कोर्टाने देश सोडू देऊ नका म्हणून आदेश दिला, आणि सुनावणी चालू असताना साहेबांचं विमान उडालं पण. पुतिनवर मार्च 2023 ला वॉरंट निघालं, सप्टेंबर 2024 ला ते मंगोलियाला गेले, तोही सदस्यच, तिथे बेड्यांऐवजी मानवंदना मिळाली. उलट रशियाने वॉरंट काढणाऱ्या जजांनाच वॉन्टेड यादीत टाकलं. कधीतरी लॉटरी लागते म्हणा, 2025 ला फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते खरंच हेगला आले, पण त्यासाठी माणसाची खुर्ची गेलेली लागते आणि नव्या खुर्चीवाल्यांशी वाकडं आलेलं लागतं. कायद्याचा अभ्यास करता तसा जरा पंचांगाचाही करा.

एक मात्र जपा, वॉरंट कुणाचं काढताय ते. इस्रायलच्या नेतान्याहूंचं नोव्हेंबर 2024 ला काढलं आणि 2025 मधे अमेरिकेने जजांवरच निर्बंध लावले, म्हणजे दहशतवादी आणि ड्रगवाल्यांसाठी ठेवलेली कलमं यांना. त्यातल्या एका फ्रेंच जजसाहेबांनी स्वतःच्याच देशात, फ्रान्समधे, ऑनलाइन हॉटेल बुक केलं होतं, काही तासांत कॅन्सल झाल्याचा मेल आला, कारण वेबसाइट अमेरिकन. युरोपात बसलेल्या माणसाचं कार्डसुद्धा चालेना, ते पण अमेरिकनच.

म्हणून जॉइन व्हायच्या आधी घरात थोडी रोकड ठेवा, आणि हॉटेलवाल्याला फोन करूनच रूम सांगा, जमलं तर बायकोच्या नावावर.